उलट्या बाजूचा झोका

परवा संध्याकाळी एका जुन्या मित्राकडे गेलो होतो. पावसाची एक सर नुकतीच येऊन गेली होती, माडांवरून पाणी ठिबकत होतं. बघतो तर हा बाबा अंगणात उभा. दोन्ही हातांत मिटलेली छत्री. ती खांद्यावरून मागे न्यायची आणि सपकन खाली आणून पुढे झोकायची, असं चाललेलं. बाल्कांवात बसून त्याची बायको मोठ्याने मोजत होती. "पन्नास झाल्याशिवाय चहा मिळायचा नाही त्याला," ती मला म्हणाली.

मित्र बावीस वर्षं आखातात होता. गोल्फ तो तिथेच शिकला, तेही वाळूच्या मैदानावर. हिरवळीच्या जागी तेल घालून दाबलेली वाळू असते, तिला 'ब्राउन' म्हणतात, हे मला त्याच्याकडूनच कळलं होतं. इकडे परत आल्यावर त्याचं खेळणं जवळजवळ सुटलं. गोव्यात गोल्फ म्हणजे मोठ्या हॉटेलांच्या आवारातली गोष्ट, तिथे आपल्यासारख्यांनी रोज उठून जायचं कसं? पण त्या दिवशी काहीतरी वेगळं दिसत होतं. त्याला उजव्या हाताने खेळताना मी पाहिलं होतं. आता तो आरशात दिसावा तसा उलटा उभा होता.

"अरे, तू उजव्या हाताचा ना?"

"म्हणूनच डावीकडून मारतोय," तो म्हणाला.

त्याची कंबर धरली होती. वर्षानुवर्षं एकाच बाजूला पिळलेल्या कमरेला रोज थोडं उलट दिशेनेही फिरवावं, असं त्याच्या व्यायाम शिकवणाऱ्याने सांगितलं होतं. गोल्फ शिकवणारेही हा उपाय सांगतात. त्याने अंगाचा तोल राहतो आणि सवयीने अंगात मुरलेला झोका पुन्हा नव्याने समजतो. कमरेपुरतं बोलायचं तर विषय एवढाच. पण मला त्या उलट्या उभ्या राहण्याने घरी गेल्यावरही सोडलं नाही. त्याला कारण आहे, ते पुढे येईलच.

आधी एक बारीकशी गोष्ट. गोल्फमध्ये 'उजव्या हाताने खेळणं' म्हणजे नेमकं काय? चेंडू फेकताना किंवा लिहिताना एकच हात काम करतो, तिथे प्रश्नच येत नाही. गोल्फची काठी दोन्ही हातांनी धरतात. उजवा म्हणवणारा खेळाडू डावा खांदा लक्ष्याकडे करून उभा राहतो. त्याचा डावा हात काठीच्या वरच्या टोकाला, उजवा त्याच्याखाली. काठी मागे जाते तेव्हा सरळ ताणलेला असतो तो डावा हात, आणि झोक्याला वाट दाखवतो तोही तोच. उजवा हात खालून जोर देतो. मग खेळ उजव्याचा की डाव्याचा? गोल्फचे गुरुजी यावर पिढ्यान् पिढ्या भांडत आलेत. काहींच्या मते डावा दंड सरळ नसेल तर सगळंच फुकट. पण १९५४ साली बाल्टस्रोलच्या मैदानावर अमेरिकन ओपन जिंकली ती एड फर्गोल या गड्याने. लहानपणी खेळताना पडून त्याचा डावा कोपर मोडला होता आणि तो हात नंतर कधीच सरळ झाला नाही. वाकड्या हातानेच तो विजेता झाला. गुरुजींनी काय म्हणायचं?

त्याच १९५४ साली जगाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूझीलंडमध्ये, अठरा वर्षांच्या एका हौशी मुलाने न्यूझीलंड ओपन जिंकली. त्याचं नाव बॉब चार्ल्स. जन्म १९३६, कार्टर्टनचा. पुढे काही वर्षं बँकेत नोकरी करून १९६०मध्ये तो व्यावसायिक झाला. खेळायचा डावीकडून, म्हणजे माझा मित्र अंगणात उभा होता तसा. १९६३मध्ये इंग्लंडमधल्या रॉयल लिदम अँड सेंट अ‍ॅन्स मैदानावर ब्रिटिश ओपनमध्ये त्याची आणि अमेरिकेच्या फिल रॉजर्सची बरोबरी झाली. दुसऱ्या दिवशी दोघांना पुन्हा ३६ होल खेळायला लावले. चार्ल्सने आठ फटक्यांनी बाजी मारली. गोल्फच्या चार मोठ्या स्पर्धांपैकी एखादी जिंकणारा तो पहिला डावखुरा. त्यानंतर दुसरा यायला चाळीस वर्षं जावी लागली.

आता गंमत ऐका. हा जगप्रसिद्ध डावखुरा खेळाडू डावखुरा नव्हताच! लिहिणं, फेकणं, एका हाताची सगळी कामं तो उजव्या हाताने करायचा. दोन हात लागले की मात्र डावीकडून. त्याचे आईवडील दोघंही डावीकडून खेळत. घरात काठ्या होत्या त्या डाव्या. पोराने हाती आली ती काठी उचलली आणि ती काठी जिकडून चालते तिकडे जाऊन उभा राहिला.

चाळीस वर्षांनी, २००३मध्ये, कॅनडाच्या माइक वीअरने मास्टर्स जिंकली. हाही इतर कामांत उजवाच. कॅनडात बर्फावरच्या हॉकीचं वेड. उजव्या हाताचं पोर लांब काठी धरताना बळकट हात वरच्या टोकाला ठेवतं, कारण काठी सांभाळायची असते त्या हाताने. म्हणजे मारताना तो झाला डावा. तेच पोर मग गोल्फची काठी हाती घेतं तेव्हा हात आपोआप तसेच पडतात. तेरा वर्षांचा असताना वीअरने जॅक निकलसला पत्र लिहून विचारलं होतं, की उजवीकडून खेळायला शिकू का? आपल्याकडे अशा पत्राला काय उत्तर आलं असतं ते तुम्हीच ठरवा. निकलसने कळवलं, जे अंगात आहे तेच ठेव.

वीअरच्या पुढच्याच वर्षी, २००४मध्ये, मास्टर्स जिंकली फिल मिकलसनने. त्याला तर सगळं जग 'लेफ्टी' म्हणूनच ओळखतं. त्याची कथा या सगळ्यांत मला फार आवडते. बाप अंगणात चेंडू मारायचा आणि दीड वर्षाचा फिल समोर उभा राहून बघायचा. बापाच्या पाठीमागे नाही, समोर. बाप उजवीकडून मारतोय, तर समोरच्या पोराला ते आरशातल्यासारखं दिसणार. पोराने हुबेहूब नक्कल केली आणि ती झाली डावी. बापाने त्याला फिरवून उजवीकडे उभं करून पाहिलं, पोर पुन्हा आपल्या बाजूला. शेवटी बापाने हात टेकले आणि एक काठी कापून त्याच्यासाठी डावी करून दिली. त्या काठीवरून सुरू झालेला प्रवास सहा मोठ्या स्पर्धांपर्यंत गेला. शेवटची पीजीए चॅम्पियनशिप २०२१मध्ये जिंकली तेव्हा वय पन्नास. इतक्या वयात मोठी स्पर्धा त्याआधी कुणीच जिंकली नव्हती. हाही लिहितो उजव्याच हाताने! २०२३मध्ये ब्रिटिश ओपन जिंकणारा ब्रायन हार्मनही तसाच, एरवी उजवा.

म्हणजे ज्यांना आपण गोल्फचे थोर डावखुरे म्हणतो त्यांच्यातले कितीतरी जण खरे उजवे. मग खरे डावखुरे गेले कुठे? ते गेले उजवीकडे. कारण साधं आहे. डाव्या काठ्या मिळतच नव्हत्या. गोल्फच्या काठीचं डोकं एकाच बाजूने मारायचं असतं, त्यामुळे डाव्यासाठी साचा वेगळा लागतो. घेणारे मोजके, म्हणून कारखानदार थोड्याच बनवणार, त्यातही निवड कमी. जुन्या काकाने दिलेला, क्लबात भाड्याने मिळणारा, दुकानात लटकवलेला संच बहुधा उजवाच. डावखुऱ्या पोराने तो घेतला आणि त्या बाजूला वळला. आजच्या खेळाडूंत जॉर्डन स्पीथ बघा. चेंडू डाव्या हाताने फेकणारा हा अमेरिकन २०१५मध्ये मास्टर्स आणि अमेरिकन ओपन, २०१७मध्ये ब्रिटिश ओपन जिंकला, तिन्ही उजवीकडून खेळून. टेनिसचा राफाएल नादाल याच्या अगदी उलट. तो जन्माने उजवा, टेनिस डाव्या हाताने खेळला आणि गोल्फ मात्र खेळतो उजवीकडून. एकाच माणसाच्या अंगात हे असं.

आपल्या हॉकीत तर हा प्रश्नच संपवून टाकलाय. मैदानी हॉकीची काठी एकाच बाजूने सपाट, आणि डाव्या हाताची काठी नियमानेच बाद. जन्माने तू कुणीही अस, मैदानात उतरलास की उजवा. आपल्या भाषेचंही तेच आहे म्हणा. 'डावलणं' हे क्रियापद आपण डाव्यावरून केलं. पंक्तिभेद करायचा तर आपण 'डावं-उजवं' करतो. शब्दांच्या घरातही डाव्याला ओटीवर बसवलेलं.

इथे माझी स्वतःची गोष्ट सांगतो. मुक्तीनंतर, भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात, गावोगाव मराठी शाळा निघाल्या. तशाच एका शाळेत मी पाटी घेऊन गेलो आणि पहिल्या दिवशी 'ग' काढला तो डाव्या हाताने. मास्तरांनी पाटी काढून घेतली. दुसऱ्या दिवशीही तेच झालं तेव्हा पट्टी बसली, बोटांच्या पेरांवर. तिसऱ्या दिवशी मी डावा हात मांडीखाली दाबून बसलो, तो पुढची चार वर्षं. घरी आजी होतीच. "दाव्या हातान जेवचें न्हय," असं ती रोज म्हणे, आणि तिच्या आवाजात रागाचा लवलेश नसे, म्हणून ते जास्त लागे. देवळात तीर्थाला हात पुढे केला की आई मनगटाला धरून दुसरा हात पुढे करायची. मास्तर वाईट नव्हते. त्यांच्याही बोटांवर कुणीतरी पट्टी मारली असणार. पण माझं अक्षर आजही रांगत्या पोरासारखं आहे आणि कुणी 'उजवीकडे वळा' म्हटलं की मला क्षणभर थांबून विचार करावा लागतो. इंग्लंडच्या सहाव्या जॉर्ज राजालाही लहानपणी असंच डाव्याचं उजवं करायला लावलं होतं. तोच राजा, राजपुत्र असताना १९२६मध्ये, विम्बल्डनला दुहेरीत उतरला तो मात्र डाव्या हाताने रॅकेट धरून. खेळात कुणी अडवलं नसावं.

शाळेच्या मैदानावरही मला कुणी अडवलं नाही, कारण आमची बॅट होती पिडो. माडाच्या चुडताचा जाड देठ तासून केलेली. तिला ना उजवी बाजू, ना डावी. मी डावीकडून खेळायचो आणि मास्तर, तेच मास्तर, कडेला उभे राहून टाळ्या वाजवायचे.

असो. मित्राच्या झोक्याकडे परत येतो. उलट्या बाजूचा झोका कमरेपलीकडेही उपयोगाला येतो. चेंडू झाडाच्या बुंध्याला किंवा कुंपणाला चिकटून पडला की उजव्याला उभं राहायला जागाच उरत नाही. मग काठी उलटी करून, तिचं टोक खाली धरून, दुसऱ्या बाजूने कसाबसा फटका मारायचा. ज्याने घरी पन्नास वेळा उलटी छत्री फिरवली आहे तो निदान चेंडूला लावतो तरी. पूर्वी अशा वेळेसाठी पिशवीत एखादी डावी काठी टाकून ठेवायला कुणाची हरकत नव्हती, काहीजण वीस-पंचवीस काठ्या बाळगत. पण अमेरिकेत १९३८ला आणि ब्रिटनमध्ये १९३९ला चौदाच काठ्यांचा नियम आला आणि ती चैन संपली. दोन्ही बाजूंनी मारता येईल अशी काठी करावी म्हणाल, तर तीही चालत नाही. अपवाद फक्त पटरचा. होलजवळ चेंडू हलकेच ढकलायच्या त्या काठीला दोन सारखे तोंड असले तरी चालतात.

ही फट नोटा बेगे नावाच्या खेळाडूने बरोबर हेरली. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी, नावाहो आणि प्वेब्लो रक्ताचा हा माणूस स्टॅनफर्डला टायगर वुड्सच्या संघात होता. जमिनीचा उतार चेंडूला उजवीकडून डावीकडे नेणार असेल तर तो उजव्या बाजूने पटर मारी, आणि डावीकडून उजवीकडे नेणार असेल तर डाव्या बाजूने. म्हणजे चेंडू दर वेळी वळून त्याच्याच अंगाकडे येई. बघणाऱ्यांना तो चाळा वाटे. १९९८मध्ये त्याने एका फेरीत ५९ फटके मारले आणि पुढच्या दोन वर्षांत पीजीए टूरवर चार स्पर्धा जिंकल्या, तेव्हा हसणं थांबलं असेल.

त्याच्या आधी मॅक ओ'ग्रेडी. हा खरा वल्ली. व्यावसायिक टूरची पात्रता परीक्षा तो सतराव्या प्रयत्नात, १९८२मध्ये, पास झाला. १९८६ आणि १९८७मध्ये एकेक स्पर्धा जिंकला. खेळायचा उजवीकडून, पटर मारायचा डावीकडून, आणि सराव करून करून डावीकडूनही पूर्ण खेळ इतका चांगला करू लागला की त्याने अमेरिकन गोल्फ संघटनेकडे अर्जच केला. उजवीकडून मी व्यावसायिक आहे, पण डावीकडून मला हौशी खेळाडू माना! संघटनेने अर्ज फेटाळला. कायद्याच्या अंगाने ते बरोबरच होतं. पण त्या अर्जात मला थट्टेपेक्षा जास्त काहीतरी दिसतं. उलट्या बाजूला उभा राहणारा मी तोच माणूस आहे का, असं त्याने विचारलं होतं. आमचे लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर एका हातात एक ताल, दुसऱ्यात दुसरा आणि पायात तिसराच धरायचे. त्यांना हा प्रश्न पडला असता तर बोलणं ऐकण्यासारखं झालं असतं.

आपल्या माणसांत हा प्रयोग भर सामन्यात केला तो सुनील गावस्करने. १९८१-८२च्या रणजी मोसमातली उपांत्य फेरी, बंगलोर, समोर कर्नाटक. खेळपट्टी फिरत होती आणि डावखुरा फिरकी गोलंदाज रघुराम भटने पहिल्या डावात मुंबईचे आठ गडी घेतले होते. त्याचा चेंडू उजव्या फलंदाजापासून बाहेर निघत होता, म्हणजे बॅटची कड घेऊन झेल. दुसऱ्या डावात गावस्कर चक्क डाव्या बाजूने उभा राहिला. आता तोच चेंडू वळून आत, पॅडवर येणार. तो नाबाद १८ राहिला. पहिल्या डावाच्या आघाडीवर कर्नाटक जिंकायचं ते जिंकलंच, पण पुरता पराभव टळला. कुणाला तो भटचा अपमान वाटला, कुणाला चमत्कार. मला वाटतं तो हिशेब होता. मात्र असा हिशेब अंगात उतरायला कधीतरी उलटं उभं राहून पाहिलेलं असावं लागतं. सौरव गांगुली आणि विनोद कांबळी फलंदाजी डावीकडून करत आणि गोलंदाजी उजव्या हाताने, तर सचिन लिहितो डाव्या हाताने. २०१६मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या संशोधकांनी तपासून सांगितलं की बळकट हात बॅटीच्या वरच्या टोकाला धरणारे, म्हणजे आपण ज्याला 'उलटं' म्हणू तसे उभे राहणारे, हौशी खेळाडूंपेक्षा व्यावसायिक फलंदाजांत कितीतरी जास्त सापडतात. क्रिकेटच्या शिकवणीच्या पुस्तकांनी पोरांना पिढ्यान् पिढ्या ज्या बाजूला उभं केलं, ती बाजू बरोबर होती का, अशीच त्यांची शंका.

हे सगळं त्या संध्याकाळी मी मित्राला सांगितलं नाही. माझ्या मनात वेगळंच चाललं होतं. माझी नात चार वर्षांची आहे. खडू उचलते तो डाव्या हाताने. घरात दोन तट पडलेत. सूनबाई म्हणते, तिला तसंच राहू दे. माझी बायको म्हणते, निदान जेवताना तरी. आणि मी, ज्याने बोलायला हवं होतं, तो दोन महिने गप्प बसून होतो. पट्टीचा विषय घरात मी कधी काढलाच नव्हता.

पन्नास पुरे झाले. मित्राने छत्री माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "बघ करून." मी कधी गोल्फची काठी हातात धरलेली नाही. छत्री घेतली, उभा राहिलो. तो थोडा वेळ माझ्या हातांकडे बघत राहिला.

"तुला हे कोणी शिकवलं?"

मी खाली पाहिलं. उजवा हात वर होता, डावा खाली, उजवा खांदा तुळशीवृंदावनाकडे. मला कुणीच काही शिकवलं नव्हतं. पिडो धरायचो तसे हात पडले होते, साठ वर्षांनी.

"मारत राहा," तो म्हणाला, आणि बाल्कांवातून वहिनींनी माझे मोजायला सुरुवात केली. सात झाले. आठव्या झोक्याला छत्री उघडली, मांजर पळालं, आणि चहा आला.

रात्री घरी येऊन बायकोला शाळेची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. सकाळी नातीच्या ताटात चमचा ठेवला तो डाव्या बाजूला.